मेजर आणि चौदा सुया

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि तिला मी बाहेर काय खाऊन आलो ते शर्टाच्या वासावरून कळतं. मुलीला नाही, भावाला नाही. दोन पेग पोटात गेले की मी पानठेल्यावरच्या अनोळखी माणसालाही माझी सगळी कर्मकहाणी ऐकवतो, पण तेव्हासुद्धा हे कधी तोंडातून निघालं नाही. दारू पिऊनही जो माणूस इतकं भान ठेवतो, तो किती बेरकी असेल, तूच बघ.

कुठून सुरू करू? कुत्र्यापासून करतो. कुत्र्यापासून सोपं जातं.

नव्वदच्या दशकात मी ऊर्जानगरच्या कॉलनीत राहायचो. पॉवर स्टेशनमध्ये ज्युनियर इंजिनिअर. म्हणजे वरच्यानं झापायचं, खालच्यानं पाठीमागे हसायचं, अन् मधल्यामध्ये आपण हेल्मेट घालून मिरवायचं. त्या कॉलनीत माणूस कोण आहे हे क्वार्टर केवढं आहे त्यावरून ठरायचं. संध्याकाळी फिरायला निघालं की मोठ्या क्वार्टरवाल्या बाया आमच्याकडे बघायच्याच नाहीत. मला त्यांचा राग यायचा असं म्हणू का? खोटं होईल ते. मला त्यांच्यात जायचं होतं. कामानं वर जायची अक्कल नव्हती, चिकाटी त्याहून नव्हती. म्हणून मी मोठं कुत्रं आणायचं ठरवलं.

लोकांना सांगायला कारण तयार होतं. कॉलनीच्या मागे झुडपं होती, तिथून बिबट यायचा, मोकाट कुत्री उचलून न्यायचा. घरात लहान पोरगी आहे, राखण पाहिजे — असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. बिबट येतो तोच मुळी कुत्रं खायला. बिबट्यापासून राखण म्हणून त्याचं जेवण घरात आणून बांधणारा मी त्या जिल्ह्यात एकटाच असेन. पण कोणी हसलं नाही. आमच्या कॉलनीत कोणी कोणाचं नीट ऐकतच नसे.

नागपूरला एक रिटायर्ड साहेब मॅस्टिफ जातीची कुत्री ठेवायचे. वासराएवढं कुत्रं, तोंडावरची कातडी लोंबलेली, चेहऱ्यावर कायम सुतक. त्यांच्या अंगणात सहा पिल्लं होती. म्हातारा भला होता. म्हणाला, जे पिल्लू स्वतःहून तुमच्याजवळ येईल, हात हुंगेल अन् शांत बसेल, ते न्या. ही जात अंगानं एवढी होते की डोकं थंड असलेलंच पिल्लू घरात शोभतं. असं एक होतं खरं. पिवळट रंगाचं, माझ्या बुटावर हनुवटी टेकवून बसलेलं. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी पंजे बघत होतो. एक दांडगोबा दुधाच्या परातीत दोन्ही पाय घालून उभा होता अन् भावंडांना ढकलून देत होता. मी म्हणालो, हाच. म्हाताऱ्यानं मला एक कागद लिहून दिला, बस.

कागदावर सगळं होतं. वर्षभर जिने चढू देऊ नका, हाडं कच्ची असतात. पोट फुटेस्तोवर खायला घालून लवकर वाढवू नका. मऊ अंथरूण द्या, नाहीतर अंगाच्या वजनानं कोपरं सोलतात. वेळच्या वेळी रेबीजची लस. आणि शेवटची ओळ, खाली रेघ मारलेली — जो खेळ साठ किलोच्या कुत्र्यानं खेळलेला चालणार नाही, तो पिल्लाला शिकवू नका. 'सोड' म्हटल्यावर सोडायला मात्र पहिल्या दिवसापासून शिकवा.

मी कागद पाळला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मेजरला — नाव मेजर ठेवलं, आणखी काय ठेवणार माझ्यासारखा माणूस — मेजरला कूलरसमोर ओल्या पोत्यावर झोपवलं अन् आम्ही तिघं पंख्याखाली उकडत पडलो. बायको आलापल्लीची. ती म्हणायची, "आमच्या घरी जावयाचंही इतकं नाई करत." लस टोचली, त्याचं शिक्क्याचं कार्ड आलं, ते मी पाहुण्यांना लग्नपत्रिकेसारखं दाखवायचो. सगळं पाळलं. शेवटची ओळ सोडून.

कारण शेवटच्या ओळीतच तर गंमत होती. तीन महिन्यांच्या मेजरसमोर मी रिकामं पोतं हलवायचो. तो धरायचा, मी ओढायचो, तो गुरगुरून मागे रेटायचा. संध्याकाळी फाटकाशी लोक थांबायला लागले. ज्या बाया मान वळवून जायच्या, त्या हसून टाळ्या वाजवायला लागल्या. मग कोण शिकवतो 'सोड'? सोडलं की तमाशा संपला. वर्षाचा झाला तोवर मेजरला एक गोष्ट पक्की ठाऊक होती — कापड हललं की धरायचं, अन् समोरचा जितकं ओढेल तितकं आपण जास्त ओढायचं.

आता सत्तारभाई.

सत्तारभाई दुर्गापूरचे, गादीवाले. कोरपन्याच्या बाजारातून कापूस आणायचे, सायकलच्या दांडीला ते लांब पिंजण बांधून कॉलनीत फिरायचे, त्याची तार टणत्कारली की बाया गाद्या बाहेर काढायच्या. फेरीवाल्याला कॉलनीत यायला पास लागायचा, आणि पासावर आतल्या कोणाची तरी सही. त्यांच्या पासावर माझी होती. तेवढ्या एका सहीवर मी त्यांना 'ए सत्तार' म्हणायचो — माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. आज अहो-जाहो करतो आहे. आज करायला काय जातं?

मेजरची कोपरं सोलायला लागली म्हणून मी त्यांना कुत्र्यासाठी गादी करायला सांगितली. मोठ्या ऐटीत सांगितली. वाटलं होतं माणूस चपापेल. ते म्हणाले, "बनवून देतो ना साहेब. त्याचंही अंग दुखत असंन." मेजरची लाळ लागली की नमाजाआधी त्यांना नीट धुवावं लागायचं, म्हणून ते एक बादली पाणी मागून बाजूला ठेवायचे. मला त्याचंही हसू यायचं. मला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं, स्वतःचं सोडून.

मार्चमधला रविवार होता. बायको-पोरगी आलापल्लीला गेलेल्या. दुपारी सगळी कॉलनी कूलर लावून आत पडलेली. मी व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो, सत्तारभाई अंगणात. खोळ शिवून झाली होती, ते कोपरापर्यंत हात आत घालून कापूस कोपऱ्यात सारत होते, अन् त्यासाठी खोळ अशी झटकत होते. मेजर साखळीला नव्हता. मी त्याला बघितलं. कान टवकारले, तेही बघितलं. कळलं मला, आता तो काय करणार ते.

मी हाक मारली नाही. मला बघायचं होतं.

त्यानं खोळ धरली. सत्तारभाईंचा हात आत अडकलेला, ते ओढायला लागले, आणि तो मागे रेटायला लागला. मी हसलो. खरंच हसलो, चहा सांडला माझ्या लेंग्यावर. मग कापडातून लाल फुटलं. तेव्हा मी उठलो, 'सोड, सोड' म्हणून ओरडलो — त्या जनावराला तो शब्द कुठून ठाऊक असणार? नळी लावून तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठे सुटला. उजव्या मनगटात चार दात पार आतपर्यंत गेले होते.

आता तू म्हणशील, घाबरला असशील, दुखतंय का असं विचारलं असशील. मी आधी फाटकाकडे पाहिलं. कोणी बघितलं तर नाही ना?

कारण कॉलनीचा नियम होता. कुत्रं पाळा, पण कोणाला चावलं अन् दवाखान्याचा कागद इस्टेट ऑफिसात आला, की कुत्रं कॉलनीबाहेर. मेजर गेला तर माझ्याकडे काय उरत होतं? तेच क्वार्टर अन् तेच हेल्मेट. सत्तारभाई स्वतःच्याच कापसानं रक्त दाबून बसले होते. मी त्यांना म्हणालो, दवाखान्यात मोकाट कुत्रं चावलं म्हणून सांगजो. आणि पुढे, सहज आठवल्यासारखं — तुझा पास याच महिन्यात संपतो ना?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"तुम्ही कायले फिकर करता, साहेब," ते म्हणाले. "मोकाटच सांगतो मी."

इथपर्यंतचं वाचून तुला वाटेल, हाच तो गुन्हा. याच्यासाठी इतकी वर्षं कुढत बसलास? नाही ना. इथपर्यंतचं निदान त्यांना तरी ठाऊक होतं. पुढचं त्यांनाही ठाऊक नाही.

त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला. मी त्यांना स्कूटरवर बसवून चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, थकलेला. त्यानं रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, कुत्रं कोणाचं? सत्तारभाई माझ्याकडे बघायला लागले. मीच बोललो. मोकाट होतं, चावून पळालं. डॉक्टर म्हणाला, मग चौदाच्या चौदा घ्यावी लागतील. झालं, सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मी एकटा जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. मेजरला काही झालंय का, ही काळजी. माणसाची नाही, मेजरची. त्यांनी कार्ड पाहिलं, मेजरला पाहिलं, म्हणाले, "लस टोचलेली आहे, कुत्रं ठणठणीत आहे. त्या माणसाच्या डॉक्टरला हे कार्ड दाखवा. बहुतेक आत्ताच थांबवतील. नाहीतर दहा दिवस वाट बघतील — चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढची इंजेक्शनं लागत नाहीत." मी मान डोलावली. मी निघालो तर त्यांनी मागून सांगितलं, "विसरू नका. त्या इंजेक्शनानं एखाद्याचे पाय जातात. क्वचित जातात, पण जातात."

ऐकलंस ना? तिसऱ्या दिवशी. मला तिसऱ्या दिवशी सगळं ठाऊक झालं होतं.

कार्ड मी घरी आणलं अन् कपाटात विम्याच्या कागदांखाली सारलं. दाखवायचं म्हणजे कुत्रं माझं हे कबूल करायचं. मग कागद ऑफिसात, मग मेजर बाहेर. म्हटलं, दुखेल थोडं, सहन करतील. यांना सवय असते. हे वाक्य मी मनात म्हटलं, शब्दाला शब्द — यांना सवय असते. आपल्या सगळ्यांच्या मनात हे वाक्य कुठेतरी पडलेलं असतं. मी फक्त ते वापरलं.

रोज सकाळी मी दुर्गापूरला त्यांच्या दारात स्कूटर उभी करायचो. त्यांची बायको दारातून सलाम करायची. चार-पाच दिवसांनी त्यांच्या पोटावर गाठी आल्या, कापड टेकवत नसे. मागे बसून ते एका हातानं कुर्ता पोटापासून वर धरायचे, अन् दुसरा हात पट्टीत. गतिरोधक आला की मागून श्वास ओढल्याचा आवाज यायचा. ते कधी हळू चालवा म्हणाले नाहीत. मी कधी हळू चालवली नाही.

आणि कॉलनी? कॉलनीनं मला डोक्यावर घेतलं. गरीब फेरीवाल्याला मोकाट कुत्रं चावलं, हा माणूस पदरचं पेट्रोल जाळून रोज दवाखान्यात नेतो. ज्या मोठ्या क्वार्टरवाल्या बाया माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यातल्या एकीनं मला नवऱ्यासकट बसवून चहा पाजला, अनारसे दिले. किती करता हो तुम्ही, म्हणाली. ज्या घरात शिरायला मी कुत्रं आणलं, त्या घरात मी सत्तारभाईंच्या पोटातल्या सुयांवर चालत शिरलो. अनारसे छान होते. मी तिसराही घेतला.

अकराव्या दिवशी डॉक्टरनं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "ते कुत्रं परत दिसलं का कुठे? दहा दिवस झाले. जिवंत दिसलं असतं तर थांबवलं असतं बिचाऱ्याचं." त्या सकाळी मेजरनं भाताचा अख्खा गंज चाटूनपुसून साफ केला होता. सत्तारभाई आत टेबलावर कुर्ता वर करून पडले होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही. माझ्या मागे रांग होती. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, नाही दिसलं.

हे ते. बस. दोन शब्द आहेत.

तेराव्या दिवशी स्कूटरवरून उतरताना ते म्हणाले, "साहेब, पायातून चप्पल निसटून राह्यली, मले कळूनच नाई राह्यलं." खाली पाहिलं तर उजवी चप्पल खरंच मागे रस्त्यावर पडलेली. मला आठवलं जनावरांचे डॉक्टर काय म्हणाले होते. लगेच आठवलं, उगाच विसरलो होतो असं म्हणत नाही. मी म्हणालो, रोज स्कूटरवर बसून पाय आखडला असेल. मी मागे जाऊन चप्पल उचलून आणली — किती हा चांगुलपणा — आणि त्यांना आत नेलं. दुसऱ्या दिवशी चौदावी सुईसुद्धा देऊन आणली.

त्या आठवड्यात त्यांचे दोन्ही पाय गेले. नागपूरला नेलं, दोन महिने तिथे होते. डावा परत आला, उजवा निम्मा आला. सायकल मारता येईना. गादीवाल्याची सायकल गेली म्हणजे कॉलनी गेली, पास गेला, सगळंच गेलं. मग घरी बसून उशा भरायचे, कोणी आणून दिल्या तर. कोणत्या सुईनं पाय नेला, पाचव्या की बाराव्या, हे कोणी सांगू शकत नाही. या हिशेबात मी पुष्कळ वर्षं घालवली. आधीच्या सुयांनीच झालं असेल, कोणी सांगावं, असं स्वतःला समजावत बसायचो. तिसऱ्या दिवशी कार्ड दाखवलं असतं तर आधीच्या अन् नंतरच्या असा प्रश्नच नव्हता. एवढं साधं गणित न येणाऱ्याला कोणी इंजिनिअर केलं, देव जाणे.

मेजर नंतर सहा वर्षं जगला. जगला म्हणजे काय, झोपला. माकडं पत्र्यावर आली तरी पलंगाखाली शिरायचा. मोठ्या जातीची कुत्री लवकर म्हातारी होतात, तसा झाला, अन् एका श्रावणात मेला. कॉलनीतले लोक दुःख व्यक्त करायला आले. फुलंबिलं घेऊन. एवढे लोक माझ्या बापाच्या वेळी आले नव्हते.

आणि सत्तारभाई आले. दुर्गापूरहून ऑटो करून, काठी टेकत. पास नव्हता म्हणून गेटवर अर्धा तास थांबवलं होतं त्यांना. मी चहा ठेवायला सांगितला. ते व्हरांड्यात बसले, त्या अंगणासमोरच, आणि म्हणाले, "जनावरानं काई जानून नाई केलं, साहेब. मी कधी त्याच्यावर गुस्सा नाई केला."

मग म्हणाले, "तुम्ही नसते तर मी पागल होऊन मेलो असतो. चौदाच्या चौदा दिवस तुम्ही नेलं मले. घरचीबी तुमच्यासाठी रोज दुवा मांगते."

मेजर धडधाकट जगतो आहे हे त्यांना सहा वर्षं ऐकून ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कुत्र्याच्या दातात जहर असतंच, सुयांनी ते उतरलं, एवढंच त्यांना माहीत. खरं सांगू शकणारा त्या व्हरांड्यात एकच माणूस होता, आणि तो बशीत चहा ओतत होता.

मी म्हणालो, अरे, त्यात काय एवढं.

सत्तारभाई आहेत अजून. दुर्गापूरला, त्याच घरात. मी रिटायर होऊन चंद्रपुरातच राहतो, स्कूटरनं वीस मिनिटं लागतात. त्यांना मराठी वाचता येत नाही. हे लिहायला बसण्याआधी मी ते आठवून घेतलं होतं.